नवजात बाळाच्या फोटोसाठी पहिला लाईट कसा निवडाल

लाईट घ्यायला दुकानात गेलेला नवा फोटोग्राफर बहुतेक वेळा आधी विचारतो, "किती वॉटचा घेऊ?" लग्नाचं काम करणाऱ्याला तो प्रश्न बरोबर आहे. हॉल मोठा, माणसं लांब, ताकद लागतेच. दहा-पंधरा दिवसांच्या बाळाचं गणित नेमकं उलटं असतं. बाळ जेमतेम हातभर लांब, लाईट दोन हातांवर आणि खोली दहा बाय बारा. इथे दुकानदाराला विचारायचं ते हे: या लाईटची पॉवर कमीत कमी किती खाली येते, आणि त्याच्यावर किती मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या पडद्याची कापडी पेटी, बसतो? या दोन गोष्टी नीट जमल्या तर साध्या कॅमेऱ्यावर आणि ५० एमएमच्या लेन्सवरही बाळाचे देखणे फोटो निघतात. त्या चुकल्या तर महागड्या कॅमेऱ्यानेही बाळाची कातडी खरबरीत आणि लालभडक दिसते.

नाशिकमध्ये बाळांचे फोटो काढायला सुरुवात करणाऱ्यांसाठी, विशेषतः लग्नाच्या सीझनमधून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी, हे टप्प्याटप्प्याने लिहितो आहे.

पहिली पायरी: लाईटच्या आधी घर बघा

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना सहसा घराबाहेर पडत नाही. पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी. म्हणजे स्टुडिओ कितीही छान सजवला तरी खऱ्या नवजात बाळाचं काम मिळतं ते घरी जाऊन. आज इंदिरानगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, उद्या गंगापूर रोडचा बंगला, परवा जुन्या नाशकातला वाडा. म्हणून तुमचा पहिला लाईट असा हवा, की तो एका माणसाला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेता यावा, लहान खोलीत उघडता यावा आणि कुणाच्याही घरच्या विजेवर फार अवलंबून नसावा.

घरात शिरल्यावर आधी भिंतींचे रंग बघा. पिस्ता, गुलाबी, केशरी भिंती आपल्याकडे सर्रास असतात. लाईट भिंतीवर आपटून परत येतो तो भिंतीचा रंग घेऊनच. बाळाच्या गालाची सावलीची बाजू हिरवट दिसली, तर दोष कॅमेऱ्याचा नसतो, शेजारच्या पिस्ता भिंतीचा असतो. यावर सोपा उपाय म्हणजे फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे मिळणारा पांढरा सनबोर्ड, साधारण दोन बाय तीन फुटांचा. तो बाळ आणि भिंत यांच्या मध्ये उभा केला की रंग अडतो आणि सावलीही हलकी होते. एकाच बोर्डात दोन कामं.

वाड्यातली गोष्ट वेगळी. छत लाकडी, खिडक्या लहान, आतल्या खोलीत दुपारीही दिवा लागतो. लग्नात फ्लॅश छताकडे वळवून मारायची सवय असते. लाकडी छतावर तो मारला तर खाली येणारा उजेड तपकिरी येतो आणि आधीच लालसर असलेलं बाळ विटकरी दिसतं. वाड्यात लाईट थेट सॉफ्टबॉक्समधूनच द्यायचा.

आणि वर बघायला विसरू नका. छताचा पंखा! उंच केलेला स्टँड आणि फिरतं पातं हा या कामातला सर्वांत घातक योग आहे. स्टँड लावण्याआधी पंखा बंद करायचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं, की बटणाला हात लावू नका. शक्य असेल तर बटणावर कागदी टेप लावा.

दुसरी पायरी: खिडकी वापरून उजेड ओळखायला शिका

लाईट विकत घेण्याआधी काही दिवस खिडकीवर काढा. खिडकी हा फुकटचा मोठा सॉफ्टबॉक्सच. थेट ऊन येत नसेल अशी, शक्यतो उत्तरेची खिडकी निवडा, ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा आणि बाळाएवढी बाहुली खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवून फोटो काढा. मग बाहुली हळूहळू फिरवा आणि नाकाची सावली कुठे जाते ते बघत राहा. या सरावातून जे कळतं तेच पुढे सॉफ्टबॉक्स कुठे ठेवायचा हे सांगतं.

मग लाईट घ्यायचाच कशाला? कारण आषाढ-श्रावणात नाशिकवर ढग दाटले की खिडकीतला उजेड पाच-पाच मिनिटांनी बदलतो, आणि बाळ झोपतं ते त्याच्या मर्जीने. उजेड चांगला असताना ते भुकेने रडत असतं आणि गाढ झोपतं तेव्हा बाहेर अंधारून आलेलं असतं.

तिसरी पायरी: फ्लॅश की एलईडी

दोन्हींनी चांगलं काम होतं. माझा कौल फ्लॅशला, पण कारणं समजून घेऊन निवडा.

एलईडी सतत चालू असतो, त्यामुळे बाळावर पडणारा उजेड डोळ्यांना दिसतो तसाच फोटोत येतो. शिकणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. गोडॉक्सचा एसएल६०डब्ल्यू हा या वर्गातला सर्वांना माहीत असलेला लाईट. दिवसाच्या उजेडाचा, म्हणजे ५६०० केल्विनच्या आसपासचा रंग आणि बोवेन्स माउंट, म्हणजे बाजारातले बहुतेक सॉफ्टबॉक्स त्याला बसतात. त्याच्या पंख्याची घरघर असते. बाळाला तिचा त्रास नाही, व्हिडिओत मात्र ती ऐकू येते. मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या दोन पडद्यांतून गाळून आल्यावर एवढ्या लाईटचा उजेड बराच उतरतो. शटर १/१२५ आणि एफ/४ ठेवायचं तर आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत न्यावा लागतो. आजच्या कॅमेऱ्यांना ते जड नाही. खरी अडचण जाग्या बाळाची. समोर सतत पेटलेला मोठा पांढरा चौकोन असला की बाळ डोळे बारीक करतं किंवा एकटक तिकडेच बघत बसतं.

फ्लॅशचा उजेड क्षणभराचा, त्यामुळे हाताची-पायाची हालचाल गोठते आणि आयएसओ १००-२०० वर राहतो. खोलीतला पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब, खिडकीतलं निळसर आभाळ या सगळ्यांची भेसळ फ्लॅशपुढे टिकत नाही. एलईडीवर काम करताना खोलीतले बाकीचे दिवे बंदच करावे लागतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर जोरात ठेवलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात.

एलईडी घ्यायचा ठरलाच, तर त्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ किंवा जास्त लिहिलेला असावा. दुकानातच एक चाचणी करा. आपला तळहात त्या लाईटखाली धरून फोटो काढा, मग दाराबाहेर सावलीत धरून काढा, दोन्हींत व्हाइट बॅलन्स त्या-त्या उजेडाला जुळवून. लाईटखालचा तळहात मेलेला, हिरवट दिसला तर तो लाईट तिथेच ठेवून या. बाळाच्या कातडीत लाल रंगच जास्त असतो आणि स्वस्त एलईडी नेमका तोच खातो.

रिंगलाईट या कामासाठी नको. तो समोरून सपाट उजेड देतो, नाक-गालांची गोलाई पुसून टाकतो आणि बाळाच्या डोळ्यात पांढरी कडी उमटवतो. रंग बदलणारे आरजीबी लाईटही नकोत.

चौथी पायरी: पॉवर किती खाली येते, हे तपासा

या पायरीवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

स्टुडिओ फ्लॅशची ताकद वॅट-सेकंदात मोजतात. गोडॉक्सचा एसके४००टू हा ४०० वॅट-सेकंदांचा लोकप्रिय स्ट्रोब, म्हणजे विजेवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश आहे. तो पूर्ण पॉवरपासून १/१६ पर्यंतच खाली येतो. ४०० चा सोळावा भाग म्हणजे २५ वॅट-सेकंद. मोठ्या सॉफ्टबॉक्समधून बाळापासून एक मीटरवर एवढा उजेड आयएसओ १०० ला साधारण एफ/४ मागतो. तुम्हाला एफ/२.८ वर, पापण्या धारदार आणि मागची गोधडी विरघळलेली असा फोटो हवा असेल तर फोटो पांढराफटक येणार. लाईट मागे न्यावा तर तो लहान होतो आणि सावल्या कडक होतात. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेली ताकदच आडवी आली.

त्याउलट गोडॉक्सचा एडी२०० हा बॅटरीवरचा फ्लॅश २०० वॅट-सेकंदांचा आहे आणि १/१२८ पर्यंत उतरतो, म्हणजे दीड वॅट-सेकंदाच्याही आसपास. एकदा चार्ज केल्यावर पूर्ण पॉवरचे सुमारे ५०० फ्लॅश तो देतो असं कंपनी सांगते. बाळाच्या कामात तुम्ही १/१६, १/३२ वर असणार, त्यामुळे बॅटरी दिवसभर पुरून उरते. वीज गेली तरी काम थांबत नाही आणि खोलीभर वायर पसरत नाही. घरोघरी जाणाऱ्यासाठी मला हाच सर्वांत योग्य वाटतो. एक उणीव आहे: त्यात मॉडेलिंग दिवा, म्हणजे फ्लॅशचा अंदाज यावा म्हणून सतत पेटणारा दिवा, अगदी मिणमिणता असतो, त्यामुळे उजेड कसा पडेल ते आधी दिसत नाही, चाचणीचा फोटो काढूनच कळतं.

बजेट अगदीच कमी असेल तर साधा स्पीडलाईट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅशही चालतो. लग्नाचं काम करत असाल तर तो तुमच्या बॅगेत असेलच. गोडॉक्सचा टीटी६०० चार पेन्सिल सेलवर चालतो, १/१२८ पर्यंत खाली येतो आणि त्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो. एस-टाइप ब्रॅकेट घेतलं की त्यालाही बोवेन्सचा सॉफ्टबॉक्स बसतो. बाळाच्या अंतरावर त्याची ताकद भरपूर पुरते. फक्त सेल चार्ज होणारे वापरा आणि एक जादा सेट खिशात ठेवा.

स्वतःची खोली आहे, तिथेच काम करायचं आहे आणि मॉडेलिंग दिव्याखाली उजेड बघत शिकायचं आहे, अशांनी विजेवरचा स्ट्रोब जरूर घ्यावा, पण ४०० पेक्षा लहान, आणि १/३२ किंवा त्याखाली उतरणारा.

कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला उडायचा इशारा देणारा ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच हवा. एकाच मॉडेलचे कॅनन, निकॉन, सोनीसाठी वेगवेगळे ट्रिगर येतात आणि घाईत चुकीचा डबा हाती पडतो. बिल करण्याआधी दुकानातच कॅमेऱ्यावर लावून एक फ्लॅश मारून बघा.

पाचवी पायरी: सॉफ्टबॉक्स मोठा घ्या

उजेड मऊ की कडक, हे दिव्याच्या किमतीवर ठरत नाही. बाळाच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. म्हणून मोठा सॉफ्टबॉक्स आणि तोही जवळ. नवजात बाळाची कातडी सोलत असते, नाकावर पांढरे बारीक दाणे असतात, कपाळावर लाल चट्टे असतात. लहान दिवा यातल्या प्रत्येक दाण्याला स्वतःची सावली देतो. मोठा सॉफ्टबॉक्स त्या सावल्या भरून काढतो आणि एडिटिंगचं निम्मं काम वाचवतो.

१२० सेंटीमीटरचा ऑक्टा, म्हणजे आठ कोनांचा सॉफ्टबॉक्स, आत एक आणि बाहेर एक असे दोन पडदे असलेला, ही माझी शिफारस. छत्रीसारखा उघडणारा घ्या. काड्या एकेक करून खोचायच्या सॉफ्टबॉक्सला वेळ लागतो, आणि झोपलेल्या बाळाच्या घरात तेवढा वेळ नसतो. खोली फारच लहान असेल तर ९० सेंटीमीटरचा. त्याहून लहान नको.

स्वस्तात भागवायचं तर १३०-१५० सेंटीमीटरची, मागून काळी आणि आतून पांढरी किंवा चंदेरी छत्री घ्या आणि तिच्या तोंडावर डिफ्यूजरचा पडदा लावा. आरपार उजेड जाणारी पांढरी छत्री सर्वांत स्वस्त, पण ती सगळ्या खोलीत उजेड उधळते आणि मग त्या पिस्ता भिंती पुन्हा डोकं वर काढतात.

अंतराचा हिशोब लक्षात ठेवा. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. सॉफ्टबॉक्स बाळापासून एक मीटरवर आणि मागची भिंत सॉफ्टबॉक्सपासून तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर बाळाच्या नवव्या भागाएवढाच उजेड पोचतो. घरातलं कपाट, कॅलेंडर, टीव्ही सगळं आपोआप अंधारात जातं. सामान हलवायला सांगण्यापेक्षा बाळाला भिंतीपासून थोडं लांब घेणं सोपं.

स्टँडवर कंजुषी करू नका. जड, रुंद पायांचा स्टँड आणि त्यावर वाळूची पिशवी. स्टँडच्या तीन पायांपैकी एक पाय नेहमी सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकला आहे त्या बाजूला, म्हणजे बाळाच्या दिशेला असू द्या. पिशवी पायाला अशी अडकवा की तिचा भार स्टँडवर येईल. ती फरशीवर टेकून बसली तर उपयोग नाही. बाळाच्या थेट डोक्यावर बूमने, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांडीने, लाईट लटकवणं सुरुवातीला पूर्ण टाळा. पिशवी न लावता एकही फोटो काढायचा नाही, हा नियम घरच्यांना मोठ्याने सांगितला तरी चालेल. त्यांचा विश्वास वाढतो.

खरेदी कुठे आणि कशी

नाशिकमध्येच घेतलं तर बिघाड झाल्यावर दार ठोठवायला जागा असते, म्हणून पहिला लाईट गावातल्या दुकानातूनच घ्यावा असं मी सांगतो. एखाद-दुसऱ्या दिवसासाठी भाड्याने मिळत असेल तर आधी भाड्याने वापरा. निवड जास्त हवी असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. सीएसएमटीला उतरून चालत गेलं की फोर्टातलं बोरा बाजार, तिथे कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे.

सेकंडहँड घेताना पांढऱ्या भिंतीवर एकाच पॉवरला लागोपाठ दहा फोटो काढा आणि कॅमेऱ्यात शेजारी शेजारी बघा. एखादा काळा, एखादा पिवळट असेल तर लाईट थकलेला आहे. बॅटरीचा असेल तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे बोट फिरवून बघा.

सहावी पायरी: बाहुलीवर हात बसवा

सामान घरी आलं की बाळाकडे धावू नका. बाळाएवढी बाहुली टॉवेलात घट्ट गुंडाळा आणि गादीवर ठेवा. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६०, एफ/४, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का. आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळपास काळा आला पाहिजे. म्हणजे खोलीतल्या दिव्यांचा रंग तुमच्या फोटोत घुसणार नाही. काळा आला नाही तर आयएसओ कमी करा किंवा दिवे मालवा. शटर १/२०० च्या वर नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यापुढे फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

मग फ्लॅश १/३२ वर सुरू करा आणि गालावरचा उजेड बघत एकेक टप्पा वर-खाली करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. उजेड नेहमी बाळाच्या डोक्याच्या बाजूने यावा आणि पायांकडे उतरत जावा. बाळ आडवं झोपलेलं असतं, त्यामुळे आपल्याला 'वर' म्हणजे छत वाटतं. फोटोत मात्र 'वर' म्हणजे बाळाचं डोकं. सॉफ्टबॉक्स पायांच्या बाजूला ठेवला की नाकपुड्या उजळतात, सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा हनुवटीखाली टॉर्च धरलेल्या पोरासारखा भेसूर दिसतो. म्हणून सॉफ्टबॉक्स डोक्याच्या एका बाजूला, चेहऱ्याशी ४५ अंशांवर, गादीपेक्षा थोडा उंच. बरोबर जागा सापडल्याची खूण नाकाखाली दिसते: नाकाची छोटीशी सावली तिरकी होऊन वरच्या ओठाच्या कोपऱ्याकडे झुकते, ओठावर पसरत नाही, आणि पापण्यांच्या सावल्या गालावर खालच्या बाजूला पडतात. बाहुली फिरवा, लाईट हलवा, ही खूण पुन्हा पुन्हा आणा. डोळे मिटूनही ती जागा सांगता आली पाहिजे.

ती सापडली की सॉफ्टबॉक्स किंचित फिरवून त्याचा मध्य बाळाच्या थोडा पुढे रोखा, म्हणजे बाळावर फक्त कडेचा उजेड पडेल. कडेचा उजेड सर्वांत मऊ असतो. समोरच्या बाजूला सनबोर्ड उभा करा आणि तो जवळ-लांब करत सावली किती ठेवायची ते ठरवा. सावली पूर्ण घालवू नका. गालाची गोलाई तिच्यामुळेच दिसते.

सातवी पायरी: शूटचा दिवस

वेळ घरच्यांच्या दिनक्रमावरून ठरवा. तेल-मालिश, शेकाची अंघोळ, धुरी आणि पोटभर दूध झालं की बाळ सकाळी दहा-अकराच्या सुमारास गाढ झोपतं. ही झोप म्हणजे तुमचं सोनं. तुमचा लाईट त्याआधी लावून, बाहुलीवर तपासून तयार हवा.

पण मालिशीमुळे एक अडचण येते. तेलकट कपाळ आणि नाकाचा शेंडा लाईटखाली चमकतात आणि तिथे पांढरे ठिपके उमटतात. पावडर लावायला सांगू नका. आईला किंवा आजीला मऊ सुती कापडाने हलकेच टिपायला सांगा आणि सॉफ्टबॉक्स आणखी थोडा फिरवा. चमक राहिली तरी ती पसरट आणि मऊ होते. धुरीचा धूर खोलीत असेपर्यंत थांबा. धुरातून फ्लॅश मारला की सगळा फोटो दुधाळ होतो, आणि बाळालाही मोकळी हवा हवी असते.

कपाळावरची तीट, गालावरचा काळा ठिपका तसाच राहू द्या. एडिटिंगमध्येही पुसू नका. ती त्या घराची खूण आहे आणि दहा वर्षांनी बघताना तीच आधी डोळ्यात भरते.

येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आजीची पैठणी बाळाखाली अंथरायची इच्छा हमखास निघते. जरूर अंथरा, फक्त बाळाच्या अंगाला जर टोचू नये म्हणून मध्ये मलमलचं कापड ठेवा. जरीचा काठ आरशासारखा वागतो. लाईट काठावर आपटून सरळ लेन्समध्ये आला की सोनं पांढरं पडतं. अशा वेळी लाईटला हात न लावता पदर थोडा फिरवा. काठाची घडी लाईटच्या दिशेला आडवी न ठेवता तिरकी केली की जर सोन्यासारखी दिसते.

आजी विचारतीलच, "त्या लाईटने बाळाच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?" प्रश्न टाळू नका. "आजी, आधी तुमच्या हातावर मारून दाखवतो," असं म्हणून सॉफ्टबॉक्ससमोर त्यांचा हात धरा. इतक्या कमी पॉवरचा, पडद्यातून गाळलेला फ्लॅश बाळाच्या डोळ्यांना इजा करतो असा पुरावा नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काही सांगितलं असेल, तर मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. उघडा फ्लॅश, सॉफ्टबॉक्स न लावता, जवळून कधीच मारू नका.

उजेडापेक्षा बाळ आवाजाला जास्त दचकतं. फ्लॅश पुन्हा तयार झाला की 'पीं' वाजतो. तो आवाज सेटिंगमध्ये जाऊन घरूनच बंद करून या. कॅमेऱ्याचं शटर सायलेंट करायचं असेल तर आधी तपासा, काही कॅमेऱ्यांत त्या मोडवर फ्लॅश उडतच नाही.

पहिल्या दिवसांत काही बाळांना कावीळ असते आणि कॅमेऱ्यात तो पिवळेपणा नजरेपेक्षा ठळक दिसू शकतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोत वेगळा रंग लावतो, म्हणूनच तो पक्का ठेवायचा आणि सुरुवातीला एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, धरून काढायचा. पिवळेपणा खूपच जाणवला तर ताईंना हळूच सांगा, की बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

ऊब आणि वीज

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. बाळाचे कपडे काढायचे असतील तर खोली २६ ते २८ अंश हवी. मोठ्या माणसाला थोडं उकडेल इतकी. त्यासाठी ऑइल हीटर चांगला, कारण त्याला उघडी तार नसते आणि हवेचा झोतही नसतो. झोताने सॉफ्टबॉक्स शिडासारखा हलतो. २००० वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, म्हणून तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावायचा. स्ट्रोबचा एक्स्टेन्शन बोर्ड वेगळ्या सॉकेटवर. हीटर आणि लाईट एकाच बोर्डावर कधीही नको. घरच्या इन्व्हर्टरवर स्ट्रोब लावू नका. वायर भिंतीच्या कडेने न्या आणि जिथे माणसं ये-जा करतात तिथे टेपने फरशीला चिकटवा. बाळाला घेऊन चालणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

उन्हाळ्यात पंखा बंद, त्यामुळे एसी २७ वर ठेवा आणि त्याची हवा बाळावर येणार नाही अशी गादी लावा.

पुढची खरेदी

पहिल्या लाईटवर काही महिने काम झालं की दुसरा लाईट घ्यावासा वाटतो. त्याआधी जादा बॅटरी, दुसरी वाळूची पिशवी आणि सॉफ्टबॉक्सच्या पडद्यांचा एक धुतलेला जोड घ्या, कारण मळलेला, पिवळा पडलेला पडदा बाळाचा रंगच बदलतो. दुसरा लाईट लागतो तो बाळासोबत आई-बाबा, आजी-आजोबा सगळे एका फोटोत घ्यायचे असतात तेव्हा, आणि तेव्हाही एखादा स्पीडलाईट पांढऱ्या भिंतीवर वळवून भागतं. तोपर्यंत एका लाईटवर प्रत्येक बाळाचे तीन फोटो काढत जा: एक डोक्याकडून उजेड घेऊन, एक थोडा बाजूने, एक सनबोर्ड पूर्ण काढून. वहीत पॉवर, अंतर आणि भिंतीचा रंग लिहून ठेवा. तशाच रंगाच्या भिंतीचं पुढचं घर आलं की कुठून सुरुवात करायची ते वहीतच सापडेल.